चौदा आणे पाय

"वत्सलाक्का शांतपणे गेली," असं तिच्या भाच्याने फोनवर सांगितलं, तेव्हा मी इडलीचं पीठ डब्यात ओतत होते. मी म्हटलं, "नीट आठवून सांग. शांतपणे तिने जन्मात काही केलेलं नाही." तो बिचारा आठवायला लागला. मग हळूच म्हणाला, "तसं सकाळी नर्सशी भांडली होती. पलंगाचा कठडा वर करू देईना. पडले तर माझी मी पडेन, म्हणाली..." हां, असं सांग की. तेव्हा कुठे मला पटलं, की फोन तिच्याच घरून आलाय आणि ती खरोखर गेलीय. पीठ डब्याबाहेर ओघळत राहिलं, आणि मी ते बघत उभी राहिले.

आता महिना होऊन गेला. मधे आमच्या समाजाच्या सभागृहात शोकसभा झाली. तिथे तिला सोज्वळ म्हणाले, मनमिळाऊ म्हणाले, सेवाभावी म्हणाले. हे तीन शब्द तिच्या तोंडावर कोणी म्हटले असते तर तिने त्याला आपल्या त्या खुर्चीत बसवून पाय ओढायला लावला असता; खुर्चीचं पुढे येईलच. माझी पंचाऐंशी उलटली आहे, तिला तरुणपणी ओळखणारी आता मीच एक उरले आहे, आणि मी काही तिला सोज्वळ होऊ देणार नाही. म्हणून हे लिहिते.

वत्सलाक्का माझी मावसबहीण, माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी. आमची घराणी बेंगळुरात तीनशे-साडेतीनशे वर्षं मुरलेली; मराठी बोलता बोलता "स्वल्प थांब" म्हणणारी आम्ही माणसं. पुण्याची सून आली की आधी आमच्या मराठीला हसते आणि वर्षभरात तीही "सरी, सरी" म्हणत मान डोलावते. अशा घरातून अक्का पन्नासच्या दशकात एकटी मुंबईला गेली आणि फिजिओथेरपी शिकून आली. घरच्यांना आधी वाटलं ते नर्सिंग आहे, मग वाटलं मालिश आहे, मग त्यांनी काही वाटून घेणंच सोडलं. इथल्या एका मोठ्या इस्पितळात तिला एक्स-रेच्या मागची खोली मिळाली. दारावर इंग्रजी पाटी होती, पण वॉर्डबॉयपासून डॉक्टरांपर्यंत सगळे तिला मालिशची खोली म्हणत. लग्नकार्यात कोणी खोचून विचारलं, "मालिश करतेस म्हणे," की ती म्हणायची, "करते की. पण फक्त अकलेला. तुमची आणा कधी." तिच्या लग्नाचा विषय काढायला मग कोणी धजावत नसे.

आणि मी... त्या काळातली मी म्हणजे एक प्रकरण होतं. एकोणिसावं वर्ष, दोन वेण्या, आणि मनात पक्की समजूत की बसवनगुडीतल्या बसगाड्या मला बघायलाच थांब्यावर थांबतात. मी बॉल बॅडमिंटन खेळत असे. आताचं पिसांच्या फुलाचं नव्हे. पिवळ्या लोकरीच्या चेंडूचं, मातीच्या मैदानावरचं, एका बाजूला पाच जणी असलेलं. त्या काळी आमच्याकडे गल्लोगल्ली त्याची जाळी बांधलेली असत. मी पुढे खेळायची आणि उडी मारून चेंडू खाली आपटायची. ती उडी गरजेपेक्षा जास्त उंच असायची, कारण उंच उडीत वेण्या छान दिसतात असं मला कोणीतरी सांगितलं होतं. अशाच एका देखण्या उडीतून मी डाव्या पायावर उतरले, पाऊल मातीत रुतलं आणि वरची मी तशीच पुढे वळले. गुडघ्यातून आवाज आला, ओली काडी मोडावी तसा. वेण्या कशा दिसल्या ते कोणी सांगितलं नाही.

पाय प्लास्टरात गेला. प्लास्टर काढलं तेव्हा सर्जनने पाय दोनदा वाकवून बघितला आणि माझ्याकडे न बघता अप्पांना म्हणाला, "हाड शाबूत आहे. चालेल-फिरेल. संसाराला एवढं पुरे. खेळ मात्र संपला." अप्पांनी हात जोडले. मी रडायची तयारी करत होते, तेवढ्यात मागून अक्काचा आवाज आला. ती कधी आत आली होती कोणास ठाऊक. "संपला म्हणजे कशावरून?" सर्जन म्हणाला, "अनुभवावरून." अक्का म्हणाली, "मोजलंत का?" त्याने तिच्याकडे असं बघितलं, जसं भिंतीवरच्या घड्याळाने अचानक त्याला वेळ विचारावी. मग तो पुढच्या पेशंटकडे वळला, आणि अक्काने माझा कोपर धरला. "चल. आपण मोजू."

प्लास्टरातून निघालेली माझी डावी मांडी वाळली होती. अक्काने टेप लावून बघितला आणि म्हणाली, "उजवी भोपळा, डावी पडवळ." मला तर डावीच आवडली. नटीच्या पायासारखी दिसते, उजवीही अशी बारीक करून मिळेल का, असं मी खरंच विचारलं. अक्काने टेप गुंडाळला, स्वतःशी पाच-दहा आकडे मोजले असावेत, आणि मग मला समजावलं. गुडघा हाडाने उभा राहत नाही, मांडीच्या स्नायूंनी राहतो. ती मांडी अशीच राहिली तर पुढच्या उडीला गुडघा पुन्हा जाणार. ताकद किती आहे ते इस्पितळात हाताने दाबून बघतात. तिचा त्यावर विश्वास नव्हता. "हाताला माया असते कमळे. मी तुझा पाय दाबला की माझ्या हाताला आठवतं, ही माझ्या मावशीची मुलगी. लोखंडाला नाती नसतात."

ते लोखंड आणायला ती मला चिकपेटेत घेऊन गेली, लंगडत. तेव्हा नुकते किलो सक्तीचे झाले होते आणि रत्तलांचे जुने काटे, जुनी वजनं दुकानदार मिळेल त्या भावाला काढून टाकत होते. अक्काने एक मोठा, टांगायचा, तबकडीचा ताणकाटा निवडला, ज्याच्यावर पोती तोलत. दुकानदाराने विचारलं, "चिंच तोलणार की कापूस?" अक्का म्हणाली, "हिचा पाय." त्याने माझ्याकडे बघितलं, मग अक्काकडे, आणि आवाज खाली आणून कानडीत विचारलं, "पोरीला बाहेरची बाधा आहे का अम्मा?" अक्का म्हणाली, "नाही हो, आतलीच आहे." शिवाय तिने रत्तलाची लोखंडी वजनंही घेतली, ती पिशवीत घालून पायाला बांधायला. ती पिशवी मीच उचलावी असा तिचा आग्रह. मी लंगडी आहे असं म्हटलं तर म्हणाली, "हात कुठे लंगडे आहेत?"

खुर्चीचं काय करायचं? ती जड हवी, हलता कामा नये, उंची कमीजास्त व्हायला हवी. कँटोनमेंटातलं एक केशकर्तनालय बंद होत होतं. अक्काने तिथली न्हाव्याची खुर्ची विकत घेतली आणि बैलगाडीतून घरी आणून मागच्या खोलीत ठेवली. इस्पितळाने ती आत घेऊ दिली नसती. मला त्या खुर्चीत बसवायची, मांडी पट्ट्याने आवळायची, घोट्याला चामड्याचा पट्टा, त्याला साखळी, आणि साखळीचं दुसरं टोक मागे भिंतीतल्या कड्याला अडकवलेल्या काट्यात. मग म्हणायची, "पाय सरळ कर." पाय सरळ होत नसे, कारण साखळी धरून ठेवी, पण जेवढा जोर लावू तेवढा तबकडीवरचा काटा सरके. काट्यापुढे तिने मेणात ताठ केलेला घोड्याच्या शेपटीचा केस बसवला होता. काटा त्याला ढकलत नेई, आणि काटा परत आला तरी केस जिथवर गेला तिथेच राही. जोर ओसरला तरी पुरावा मागे उरायचा.

आकडे मात्र ती रत्तलात सांगत नसे. चांगला पाय तो सोळा आणे, आणि दुखरा त्याच्या मानाने किती ते आण्यांत. पहिल्या दिवशी माझा डावा सहा आणे भरला. "चौदा झाल्याशिवाय मैदानात पाय नाही," अक्का म्हणाली. चौदाच का, सोळा का नाही, असं विचारलं तर म्हणाली, "सोळा आणे माणूस मी अजून बघितला नाही."

घरी वेगळाच तमाशा. न्हाव्याच्या खुर्चीत बसून आले म्हणून अम्मा मला स्वयंपाकघराच्या उंबऱ्याआड उभी करायची. "शिवू नको कशाला. आधी न्हाण." रोज संध्याकाळी, डोक्यावरून, डिसेंबरच्या थंडीत. केस वाळायच्या आत दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ उगवायची. मी शिंकायला लागले तेव्हा अक्काने आपल्या आजीचा फाटका मुकटा, पूजेतलं सोवळ्याचं रेशमी वस्त्र, खुर्चीवर अंथरला आणि आमच्या घरी येऊन सांगितलं, "मावशी, खुर्ची आता सोवळ्यात आहे." अम्मा बुचकळ्यात पडली. रेशमाला विटाळ नाही हे खरं, खुर्ची न्हाव्याची हेही खरं. दोन दिवस तिने विचार केला, गुरुजींनाही विचारलं असावं, आणि मग निकाल दिला: न्हाण हवंच, पण डोक्यावरून नको. अक्का मला म्हणाली, "बघ, तिथेही चौदा आण्यांवर भागतं."

या सगळ्यात अप्पा माझ्यासाठी स्थळं बघत होते. देवनहळ्ळीचं एक कुटुंब ठरलं; शेतीवाडी, मुलगा सरकारी नोकरीत. बघायला आले ते तिथले मोठाले चकोते घेऊन आले, पपनसाचे भाऊबंद, एकेक माझ्या डोक्याएवढा. अम्माने बजावलं होतं, पाटावर मांडी घालून बसायचं, चेहरा हसरा. गुडघा एवढा वाकायला लागला होता. दुखायचा, पण वाकायचा. घरच्यांच्या लेखी तेवढ्यात मी बरी झाले होते, कारण लग्नात होमापुढे बसायला मांडी घालता आली की झालं. मी बसले. मुलाची आई म्हणाली, "पायाचं काहीतरी कानावर आलं होतं..." अप्पा म्हणाले, "छे, किरकोळ. पूर्ण बरा झाला. बघा की, कशी छान मांडी घालून बसलीय."

दारातून आवाज आला, "घडी साडीचीपण होते काका. म्हणून साडी चालायला लागत नाही."

अक्काला कोणी बोलावलं नव्हतं. ती पोह्यांची बशी हातात घेऊन उभी होती आणि खात होती. अप्पा म्हणाले, "वत्सला, आत जा." ती म्हणाली, "जाते. ह्यांनी विचारलं म्हणून सांगते. उजवा सोळा आणे, डावा दहा आणे. अजून बरंच काम आहे. वर्षभर हिला कोणी बघायला येऊ नये." एवढी शांतता पसरली, की मुलगा चिवडा चावत होता ते ऐकू आलं. मग त्यांच्यातली एक म्हातारी आत्या आपला गुडघा चोळत पुढे वाकली आणि म्हणाली, "बाळ, माझे किती आणे असतील गं?"

स्थळ गेलं. चकोते मात्र ठेवून गेले, सभ्य माणसं. ती आत्या पुढच्याच आठवड्यात देवनहळ्ळीच्या बसने अक्काकडे येऊन खुर्चीत बसली, हा भाग वेगळा. मी मात्र अक्कावर फार चिडले. मला ते लग्न नको होतं, पण नकार माझ्याकडून जायला हवा होता. दहा आणे म्हणून परत पाठवलेली मुलगी, हे मला सोसवेना. त्या वयात माणसाला फाशी चालते, अपमान चालत नाही. अप्पांनी त्या रात्री एक अट घातली. राज्याच्या मुलींचा संघ अखिल भारतीय स्पर्धेला मद्रासला जाणार होता. "त्यांनी तुला घेतलं तर वर्षभर लग्नाचा शब्द काढणार नाही. नाही घेतलं तर पहिलं येईल ते स्थळ, आणि वत्सला त्या दिवशी तिच्या घरी बसेल."

म्हणजे आता त्या चौदा आण्यांवर सगळं येऊन ठेपलं होतं. संघाचे मॅनेजर शेषगिरीराव. स्वतः एके काळी मोठे खेळाडू, आता छत्रीच्या टोकाने रेघा मारत मैदानाभोवती फिरणारे. अक्का मला त्यांच्यासमोर घेऊन गेली आणि काट्यावर मोजून मग ठरवा म्हणाली. ते म्हणाले, "अम्मा, पाय म्हणजे सायकलची ट्यूब आहे का, ठिगळ लावून पुन्हा फुगवायला? एकदा गेला तो गेला. माझाही गेला होता. देवाची मर्जी." अक्का म्हणाली, "देव कशाला गुडघे नेईल? त्याला काय कमी आहेत?" आजूबाजूच्या मुली हसल्या. शेषगिरीरावांनी छत्री जमिनीत रोवली. "सरी. तुझ्या त्या चिंचेच्या काट्याने हिला चौदा आणे दिले तर घेतो. नाही दिले तर पुन्हा माझ्यापुढे उभी राहू नको."

त्यानंतरचे आठवडे मी रत्तलांच्या पिशवीबरोबर काढले. पिशवी पायाला, पाय वर, थांब, खाली. वजन रोज नाही, आठवड्याने वाढायचं. अक्का म्हणायची, स्नायू कर्ज काढून वाढत नाही, त्याला रोजचं जेवण लागतं. मी अर्थातच तिची पाठ वळली की दोन वजनं जास्त घालायची, गुडघा सुजायचा, आणि ती सूज बघून एक शब्द न बोलता मला तीन दिवस घरी बसवायची. दहाचे अकरा झाले. अकराचे बारा झाले. मद्रासची गाडी जवळ आली, आणि आकडा बाराच्या पुढे हलेना.

मग माझ्या डोक्यात एक तेजस्वी कल्पना आली. डावा वाढत नसेल तर उजवा कमी करावा. शेवटच्या चाचणीला मी उजव्या पायाने जोर लावल्याचं नाटक केलं. दात आवळले, मान ताणली, कण्हले, पाय मात्र अर्धवट सोडला. मग डाव्याने जीव तोडून ओढलं. अक्काने तबकडी बघितली आणि म्हणाली, "अरे वा, पंधरा आणे." मी खुर्चीत फुलून आले. ती म्हणाली, "आता उजवा पुन्हा एकदा." मी पुन्हा कण्हले. "अजून एकदा." पुन्हा. तिने तिन्ही वेळा केस कुठे थांबला ते खडूने तबकडीवर टिपलं होतं. तीन खुणा तीन गावांना. "आता डावा तीनदा." डाव्याच्या तीन खुणा एकमेकींना चिकटून. अक्का म्हणाली, "खरा जोर लावला की तो तीनदा तिथेच येतो. लबाड माणसाला आपण मघाशी किती लबाडी केली ते आठवत नाही. आता उजवा लाव, आणि कण्हू नकोस, शेजारचे येतील." मी लावला. साडेबारा आणे.

"झालं," अक्का म्हणाली. "ह्या वर्षी नाही."

मी पट्टा सोडायच्या आत दारात छत्री वाजली. शेषगिरीराव स्वतः आले होते. संघातल्या एकीला कांजिण्या आल्या होत्या आणि गाडी दुसऱ्या दिवशी होती. "चल पोरी, सामान बांध," ते म्हणाले. "तो काटा-बिटा राहू दे. साडेबारा काय नि चौदा काय. मी घेतो म्हणतोय ना." मी पट्टे सोडून खुर्चीतून उठलेच. त्या क्षणी मला मद्रास दिसत होतं, मैदान दिसत होतं, वेण्याही दिसत होत्या. अक्का दाराशी जाऊन उभी राहिली. दोन्ही हात चौकटीला. "ती जाणार नाही."

मी तिला काय काय म्हणाले ते इथे छापणार नाहीत. शेवटी म्हणाले, "तुझ्या काट्याने चिंच तोल." ती हलली नाही. शेषगिरीराव म्हणाले, "मूल स्वतः यायला तयार आहे, मी न्यायला तयार आहे. तू कोण अडवणारी? हिला खेळू द्या म्हणून माझ्याशी भांडायला तूच आली होतीस ना?" अक्का म्हणाली, "हिला मोजा म्हणून आले होते. तेव्हा तुम्ही न मोजता नाही म्हणत होता, आता न मोजता हो म्हणताय. मला दोन्ही सारखंच." मग त्यांच्या पायांकडे बघत म्हणाली, "राव, तुमचा कुठला गेला होता?"

ते चपापले. "उजवा," म्हणाले. "बसा," अक्का म्हणाली. का कोणास ठाऊक, ते बसले. धोतर सावरून, छत्री माझ्या हातात देऊन, आजीच्या मुकट्यावर, न्हाव्याच्या खुर्चीत. अक्काने पट्टे आवळले. आधी डावा ओढायला लावला, मग उजवा. प्रत्येकी तीनदा. त्यांचा चेहरा लाल झाला; ते लबाडी करत नव्हते. अक्काने खुणा बघितल्या.

"किती?"

"नऊ."

"इतक्या वर्षांनी?"

"कोणी त्याच्याकडे काही मागितलंच नाही. तो का देईल?"

शेषगिरीरावांनी धोतर उजव्या गुडघ्यावर ओढून घेतलं. ऐन भरात असताना त्यांचा खेळ सुटला होता हे मला नंतर कळलं. मग ते म्हणाले, "तेव्हा कोणी मोजलं असतं तर..." दुसरं कोणीही काहीतरी गोड बोललं असतं. अक्का म्हणाली, "तेव्हाचं मला माहीत नाही. मी नव्हते." त्यांनी मान हलवली. स्वतःच वाकून पट्टे सोडले, माझ्याकडून छत्री घेतली आणि म्हणाले, "राखीवातली एक नेतो. ही पुढच्या वर्षी." दारात वळून, जरा खालच्या आवाजात, "आणि माझा... आता काही होईल त्याचं?" अक्का म्हणाली, "मंगळवारी या. पिशवी घरून आणा."

गाडी माझ्याविना गेली. मी चार दिवस अक्काशी बोलले नाही, आणि पाचव्या दिवशी अप्पांनी अटीची आठवण करून दिली. ते पंचांग घेऊनच बसले होते. अक्का आली, पाट ओढून त्यांच्यासमोर बसली आणि म्हणाली, "अट म्हणजे अट, काका. बोलवा ज्यांना बोलवायचं त्यांना. मीपण येईन. तुमच्याकडे पोहे छान होतात." अप्पांनी तिच्याकडे बघितलं. देवनहळ्ळीच्या पाहुण्यांसमोरची ती शांतता त्यांना ऐकू आली असावी. त्यांनी पंचांग मिटलं आणि अम्माला म्हणाले, "हिला कॉफी दे." त्या वर्षी आमच्या घरी कोणी बघायला आलं नाही.

पुढच्या वर्षी माझा डावा चौदा आण्यांच्या वर गेला, तीनही वेळा, आणि मी मद्रासला गेले. अक्काने रजा काढली, स्वतःच्या खर्चाने आमच्या डब्यात चढली. के. आर. पुरम स्टेशन मागे पडेपर्यंत मुलींनी चित्रान्नाचे डबे उघडले होते, आणि ती शेषगिरीरावांना बाकावर बसवून पाय सरळ करायला लावत होती. सामन्यात ती नेमाने चुकीच्या जागी बसली. सगळे प्रेक्षक जाळीपाशी, ही मैदानाच्या डाव्या अंगाला, बुटक्या स्टुलावर, जिथून चेंडू धड दिसत नाही. मी त्या दिवशी कधी नव्हे अशी खेळले. उडी मारली, दोन्ही पायांवर उतरले, पुन्हा उडी मारली. आम्ही उपांत्य फेरीत हरलो. घामाने निथळत तिच्याकडे धावत गेले आणि विचारलं, "तो शेवटचा फटका बघितलास?" ती म्हणाली, "नाही." "मग काय बघत होतीस एवढा वेळ?" "गुडघा." मग माझ्या वेणीतली माती झटकत म्हणाली, "छान खेळला."

पुढची चार वर्षं मी खेळले. लग्न झालं, ते मी आधी होकार दिल्यावर. अक्का त्या इस्पितळातून निवृत्त होईपर्यंत भांडत राहिली. मालिशच्या खोलीची पाटी लोक वाचायला लागतील एवढं तरी तिने करून घेतलं. माणसं मला विचारतात, तो काटा, ती खुर्ची कुठे आहे, संग्रहालयात ठेवायला हवी. काही नाही कुठे. विजेवर चालणारं, पायाचा जोर कागदावर रेघ काढून दाखवणारं यंत्र शहरात आल्याचं कळलं, तेव्हा अक्का म्हातारपणी दोन बस बदलून ते बघायला गेली, स्वतः त्यात बसली, आणि घरी येऊन जुना काटा भंगारात दिला. मी हळहळले तर म्हणाली, "तो गोड वाटतो कारण तू तरुण होतीस. हे यंत्र जास्त खरं सांगतं. खरं सांगणारं ठेवायचं." तिच्या खोलीत आता भाच्याच्या मुलाची सायकल असते. तिथे जाऊन मला ती सापडत नाही.

सापडते ती आमच्या इमारतीसमोरच्या मैदानात. संध्याकाळी तिथे मुली बॅडमिंटन शिकायला येतात, सिमेंटवर. मी कट्ट्यावर बसते. चेंडू, फूल, काय असेल ते, मला दिसतच नाही. मी पाय बघते. गेल्या आठवड्यात एक मुलगी, तेराएक वर्षांची, दर उडीनंतर उजव्यावरच उतरत होती, डावा नुसता टेकवत होती. मी उठून तिच्या कोचकडे गेले. तो म्हणाला, "अज्जी, किरकोळ आहे, दोन दिवसांत जाईल." मी विचारलं, "मोजलंत का?" तो हसला. मी हसले नाही. मैदानात जाऊन जाळीखाली उभी राहिले; म्हातारीच्या अंगावर फूल मारायचं कसं म्हणून खेळ थांबला. मुलीची आई आली, वॉचमन आला, कोचने दोनदा घड्याळ बघितलं. मी हलले नाही. शेवटी आईने फोन काढून कुठल्याशा क्लिनिकची वेळ घेतली, आणि मुलीने रॅकेट पिशवीत घातली. जाताना माझ्याकडे असं बघून गेली की तिचं चाललं असतं तर मला जाळीत गुंडाळून टाकलं असतं. काय काय पुटपुटत होती, ते मला नीट ऐकू आलं नाही. मला तोंडपाठ होतं.

वॉचमन मला कट्ट्याकडे परत घेऊन चालला होता. म्हणाला, "अज्जी, रोज येता, रोज भांडता. ह्यातली तुमची नात कुठली?"

मी म्हटलं, "नात नाही रे. डावे गुडघे सगळे माझे."